विचाराच्या उगमापर्यंत: दैनंदिन जीवनातील आध्यात्मिक साधनेचा अनुभव

सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकात घालून दिलेली साधना पूर्ण करून मला काही आठवडे झाले आहेत. मूळ रूपात ही साधना सुमारे तीस दिवस एकांतात आणि मौनात करायची असते. नोकरी, घर आणि माणसे सोडून ज्यांना महिनाभर दूर राहता येत नाही, त्यांच्यासाठी त्याच पुस्तकातील एकोणिसाव्या सूचनेत दुसरी वाट सांगितली आहे: घरीच राहायचे, रोज दीड तास काढायचा आणि तीच साधना सावकाश, काही महिन्यांत पुरी करायची. मी ही दुसरी वाट धरली. सुरुवात करण्यापूर्वी मी पुष्कळ घाबरले होते. नेमके काय करावे लागते, कोण काय विचारते आणि मधल्या काळात माणसाचे काय होते, हे सांगणारे ओळखीचे कोणी नव्हते. म्हणून हे क्रमाने आणि सविस्तर लिहीत आहे.

मी प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले आहे. आत्मिक युद्धाचा विषय आमच्याकडे उपदेशांत नेहमी येतो आणि त्यासोबत बायबलमधील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्यायही येतो: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि देवाचे वचन ही आत्म्याची तलवार. तो उतारा मला तोंडपाठ होता. तरीही माझी स्वतःची लढाई ज्या गोष्टीशी होती तिला मी युद्ध म्हणत नव्हते, कारण ती मोहासारखी दिसत नव्हती. मंडळीच्या सेवेत कित्येक वर्षे माझ्या बरोबरीने काम केलेल्या एका व्यक्तीने माझ्याविषयी खोटे सांगितले आणि अनेकांनी ते खरे मानले. त्यानंतर बराच काळ लोटला, तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मनात तोच खटला उभा राही: ती व्यक्ती काय बोलली, मी तेव्हा काय बोलायला हवे होते, आणि पुढे कधी संधी मिळाली तर चारचौघांत काय सुनावीन. या मनोमनीच्या भाषणांना एक गोडी होती. व्यसनाचा किंवा वासनेचा मोह मी लगेच ओळखला असता; हा ओळखू येत नव्हता, कारण त्याच्या अंगावर न्यायाचा झगा होता. इफिसकरांस पत्राच्याच चौथ्या अध्यायात पौल सांगतो की राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका, आणि लगेच पुढे सांगतो की सैतानाला वाव देऊ नका. ही दोन वाक्ये एकमेकांना लागून आहेत, हे ध्यानात आल्यावर मी मदत शोधू लागले.

एप्रिलमध्ये एका साधनागृहाकडे चौकशी केली, तेव्हा उत्तरादाखल एक लांबलचक अर्ज आला. बाप्तिस्मा, मंडळी, प्रार्थनेची सवय, कामाच्या वेळा हे प्रश्न अपेक्षित होते. पण गेल्या वर्षभरात घरात मृत्यू, घटस्फोट किंवा गंभीर आजारपण झाले आहे का, मानसिक आजारावर उपचार चालू आहेत का, झोप किती लागते, असेही प्रश्न त्यात होते. सोबत दोन जोडपत्रे होती. एक आपल्या पाळकांच्या किंवा धर्मगुरूंच्या शिफारसपत्रासाठी, आणि दुसरे गोपनीयतेविषयीचे, ज्यात मार्गदर्शक कोणालाही काय सांगणार नाहीत आणि जिवाला धोका असेल अशा कोणत्या परिस्थितीत सांगणे त्यांना भाग पडेल, हे स्पष्ट लिहिले होते. हे दुसरे पत्र सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावे आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे मनातले अगदी आतले बोलायची वेळ येते, तेव्हा त्या कागदाचा आधार वाटतो. शुल्क ठरलेले नव्हते. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढी देणगी द्यायची होती आणि ती कोणी किती दिली हे मार्गदर्शकांना कळवले जात नव्हते.

शिफारसपत्राला वेळ लागला. आमच्या पाळकांची शंका रास्त होती. या साधनेत काही ठिकाणी प्रार्थनेचा शेवट तीन संवादांनी करायचा असतो, आधी येशूची आई मरिया हिच्याशी, मग पुत्राशी, मग पित्याशी. आणि आमच्या विश्वासात मरियेला विनंती करण्याची पद्धत नाही. मी हा प्रश्न साधनागृहाला लेखी विचारला. प्रॉटेस्टंट साधकाने तो भाग आपल्या विश्वासाला धरून करावा, त्यात सक्ती नाही, असे लेखी उत्तर आले. ते पत्र दाखवल्यावर पाळकांनी शिफारस लिहून दिली, शिवाय या काळात स्वतः माझ्यासाठी प्रार्थना करत राहण्याचे कबूल केले. वेगळ्या पंथातून येणाऱ्यांनी हा प्रश्न अगदी पहिल्या पत्रातच विचारून घ्यावा, म्हणजे मधले आठवडे वाया जात नाहीत.

जूनमध्ये मुलाखत झाली. माझ्या मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या सिस्टर, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी, वयाने मोठ्या होत्या आणि कमी बोलत. त्यांनी सुरुवातीलाच विचारले, “तुम्हाला या साधनेतून काय हवे आहे?” मी म्हणाले, “मला शांत झोप हवी आहे.” त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “झोपेसाठी आधी डॉक्टरांकडे जाऊन या. ते झाल्यावर देवाकडून काय हवे आहे, ते मला सांगा.” मला हे उत्तर तेव्हा कोरडे वाटले, पण त्यामागचे कारण त्यांनी समजावून सांगितले. दीर्घकाळची निद्रानाशाची तक्रार, नैराश्य, भीतीचे झटके यांना आजार म्हणूनच वागवले पाहिजे. आजाराला सैतानाचा हल्ला म्हणणे हे रुग्णावर अन्याय करणारे आहे, आणि सैतानाच्या हल्ल्याला केवळ थकवा म्हणून सोडून देणे हेही धोक्याचे आहे. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. मी डॉक्टरांकडे गेले, तपासण्या केल्या, काही काळ औषध घेतले आणि साधनेला हरकत नसल्याचे पत्र आणले. त्यात जुलै आणि ऑगस्ट गेला. ही प्रतीक्षा मला जाचली, पण ती टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट मोकळी झाली. आत्मिक युद्ध म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर भूतबाधा आणि ती काढणारे धर्मगुरू येतात. कॅथलिक ख्रिस्तसभेत असा विधी कोणालाही, कधीही करता येत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११७२ नुसार त्यासाठी धर्माध्यक्षांसारख्या स्थानिक अधिकाऱ्याची विशेष आणि स्पष्ट परवानगी लागते, आणि ती सदाचारी, विवेकी, जाणकार धर्मगुरूलाच द्यायची असते. बहुतेक ख्रिस्ती माणसांचे युद्ध मात्र विचारांच्या पातळीवर चालते. याकोबाच्या पत्रात मोहाचा क्रम दिलेला आहे: माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप पूर्ण वाढले की मरणाला जन्म देते. हा क्रम जितका अलीकडे तोडता येईल तितका तोडणे, हे या साधनेचे काम.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रोजची प्रार्थना चालू झाली. पहिले काही आठवडे पूर्वतयारीचे होते. स्तोत्र १३९ आणि देवाच्या प्रीतीविषयीचे इतर उतारे घेऊन नुसते त्यांच्या सहवासात बसायचे. मी पहाटेची वेळ निवडली. घरातल्यांना आधीच सांगून ठेवले आणि वेळ पाळता येईल अशा बेताने रात्रीची जाग कमी केली. या साधनेची खरी किंमत हीच आहे, कारण दिवसातला दीड तास कुठून तरी कापूनच आणावा लागतो. माझ्या बाबतीत तो संध्याकाळच्या करमणुकीतून आणि काही गाठीभेटींतून आला. मैत्रिणींना ते जाणवले आणि एकदोघींना आवडलेही नाही. आठवड्यातून एकदा सिस्टरांची भेट असे, साधारण तासाभराची. प्रार्थनेनंतर लगेच दोनचार ओळी नोंदवहीत लिहायच्या आणि भेटीत त्यांतले महत्त्वाचे सांगायचे, एवढीच पद्धत. पुस्तकातील सतरावी सूचना मार्गदर्शकांना सांगते की साधकाची पापे खोदून काढायची इच्छा त्यांनी धरू नये, पण त्याच्या मनात कोणती चलबिचल चालू आहे हे त्यांना प्रामाणिकपणे कळले पाहिजे. हा फरक कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

बाराव्या आणि तेराव्या सूचनेचा इथे उल्लेख करते, कारण त्या पहिल्या महिन्यातच उपयोगी पडतात. शत्रू प्रार्थनेचा तास अपुरा सोडायला लावतो, असे इग्नेशियस म्हणतात. म्हणून मन रुक्ष असेल त्या दिवशी तास पुरा करून वर आणखी थोडा वेळ बसावे. याने प्रार्थना गोड होत नाही. पण हल्ल्यापुढे मागे हटण्याऐवजी एक पाऊल पुढे टाकण्याची सवय लागते.

ऑक्टोबरमध्ये विशेष आत्मपरीक्षण सुरू झाले, आणि मोहाशी झुंजणाऱ्या कोणालाही, साधना करायची नसली तरी, हे एवढे तरी करून पाहा असे मला सांगावेसे वाटते. एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्याबरोबर त्याच्यापासून सावध राहण्याचा निश्चय करायचा, दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर तासातासाने मागे वळून पाहायचे आणि जितक्या वेळा तो घडला तितके ठिपके एका रेषेवर काढायचे. दिवसाला दोन रेषा, वरची दुपारपर्यंतची आणि खालची रात्रीपर्यंतची. मग दुसरी रेषा पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. दोष घडल्याचे ध्यानात येताच छातीवर हात ठेवून मनात खेद व्यक्त करायचा. चारचौघांत असतानाही हे कोणाच्या लक्षात येत नाही, असे इग्नेशियस स्वतःच नमूद करतात.

मी निवडलेला दोष ‘राग’ असा होता. सिस्टरांनी तो नामंजूर केला. “राग येणे तुमच्या हातात नाही, ते मोजून काय करणार? हातात काय आहे ते शोधा,” असे त्या म्हणाल्या. पुष्कळ विचार केल्यावर आम्ही असे ठरवले की त्या व्यक्तीशी मनातल्या मनात भाषण सुरू झाल्याचे कळूनही मी ते पुढे चालू ठेवले, तर एक ठिपका. विचार दाराशी येणे वेगळे, आणि त्याला बसायला पाट देऊन आग्रहाने जेवू घालणे वेगळे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, पुढे आपल्या भावाचा खून करणाऱ्या काइनाला परमेश्वर नेमके हेच सांगतो: पाप दाराशी टपलेले आहे, तू त्याच्यावर सत्ता चालवली पाहिजेस. त्या क्षणी काइनाने अजून काही केलेले नसते. चेहरा उतरलेला असतो, एवढेच.

ठिपके पहिल्या आठवड्यांत वाढले. हे सर्वांचेच होते, असे सिस्टर म्हणाल्या, कारण आधी जे नजरेतून सुटत होते ते आता दिसू लागते. ज्यांना आकडे पाहून स्वतःला कोसण्याची सवय आहे त्यांनी हे मार्गदर्शकांना आधीच सांगावे. अशा वेळी ठिपक्यांऐवजी दिवसातून एकदा दोन ओळी लिहिण्याची मुभा मिळते.

नोव्हेंबर हा सगळ्यांत कठीण महिना ठरला. साधनेचा पहिला आठवडा, म्हणजे चार भागांतला पहिला भाग, पापाविषयीचा आहे. जगातले पाप, स्वतःचे पाप, आणि मग क्रुसावरील ख्रिस्तापुढे उभे राहून, मी ख्रिस्तासाठी काय केले, काय करत आहे आणि काय करायला हवे, हे विचारणे. सुरुवातीला अश्रू आले आणि हलकेही वाटले. नंतर सगळे एकाएकी सुकून गेले. वचन वाचताना अक्षरे दिसत, अर्थ पोहोचत नसे. मन सांगू लागले की हे सगळे ढोंग आहे, मंडळीतली सेवेची जबाबदारी आताच सोडून दे, साधनाही सोड, आणि तसे पत्र आजच लिहून टाक. पत्राचा मसुदा मी लिहिलाही.

सिस्टरांनी त्या भेटीत मला आत्म्यांची पारख करण्याच्या नियमांपैकी पाचवा नियम वाचायला दिला. शुष्कतेच्या काळात कोणताही बदल करू नये, त्याआधीच्या समाधानाच्या दिवसांत जे ठरवले होते त्यावर ठाम राहावे, कारण समाधानात शुभ आत्मा मार्गदर्शन करतो तसा शुष्कतेत दुष्ट आत्मा सल्ला देत असतो. पहिल्या गटात असे चौदा नियम आहेत आणि दुसऱ्या गटात आठ. हे नियम इग्नेशियसनी अभ्यासिकेत बसून रचलेले नाहीत. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर ते अंथरुणाला खिळले होते. पराक्रमाची आणि प्रेमाची दिवास्वप्ने रंगवताना त्यांना सुख वाटे, पण ती ओसरली की मन कोरडे होई. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र सरल्यावरही आनंद मागे ठेवून जात. या फरकाकडे लक्ष जाणे हीच त्या नियमांची सुरुवात. पुढच्या वर्षी मान्रेसा इथे राहत असताना त्यांनी पापशंकांचा इतका छळ सोसला की जीव देण्याचा विचारही मनात येऊन गेला. तिथेच एकदा आतून आवाज उठला की अजून सत्तर वर्षे जगायचे आहेस, हे असले जिणे तुला कसे झेपेल? त्यावर त्यांनी उलट विचारले की तू मला एका तासाच्या तरी आयुष्याची हमी देऊ शकतोस का? १५४८ मध्ये तिसऱ्या पॉल या पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या त्या छोट्या पुस्तकामागे अशा रात्री आहेत, हे कळल्यावर मला धीर आला.

मी पत्र फाडले नाही आणि पाठवलेही नाही. नोंदवहीत ठेवून दिले आणि निर्णयासाठी समाधानाच्या दिवसांची वाट पाहायची ठरवली. तेरावा नियमही याच सुमारास माझ्या उपयोगी पडला. त्यात शत्रूची तुलना गुपचूप प्रेम करू पाहणाऱ्या लबाड माणसाशी केली आहे, ज्याला आपले बोलणे मुलीच्या वडिलांच्या किंवा बाईच्या नवऱ्याच्या कानी जाऊ नये असे वाटते. मोहाचा विचार एखाद्या जाणत्या माणसाला सांगितला की त्याचे बळ ओसरते. मला हे अक्षरशः अनुभवाला आले. मनात ज्या भाषणाची धार मला अतिशय तीक्ष्ण वाटत होती, तेच सिस्टरांसमोर मोठ्याने म्हणून दाखवताना तिसऱ्या वाक्यालाच शब्द सुचेनासे झाले. चौदाव्या नियमात हाच शत्रू किल्ल्याभोवती फिरून तटाची सर्वांत कच्ची जागा हेरणाऱ्या सेनापतीसारखा आहे. माझी कच्ची जागा कोणती, हे जानेवारीपर्यंत मला कळले नव्हते.

ख्रिस्तजन्माच्या सणानंतर साधना ख्रिस्ताच्या जीवनाकडे वळते आणि सैतानाने अरण्यात घेतलेल्या त्याच्या परीक्षेचा उतारा येतो. मत्तयाच्या आणि लूकच्या शुभवर्तमानांत तो चौथ्या अध्यायात आहे. येशू तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनांनी उत्तर देतो, हे आम्हाला रविवारच्या शाळेपासून शिकवलेले आहे. परंतु सैतानही वचनच पुढे करतो, तेही स्तोत्र ९१ मधले, ही गोष्ट मी त्या महिन्यात प्रथमच नीट विचारात घेतली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या संन्याशाने प्रत्येक दुर्विचारासाठी प्रतिवचनांचा संग्रह केला होता, आणि मीही रागासाठी अशी वचने निवडून ठेवली होती. ती मला उपयोगी पडत. मग एका सकाळी ध्यानात आले की मी वचने म्हणत आहे ती त्या व्यक्तीवर चालवायला. “खोटी जिव्हा परमेश्वराला घृणास्पद आहे” हे मी देवाला सांगत होते, जणू साक्षीपुरावे सादर करत होते. प्रार्थनेचा तास भरत होता, आणि तोच खटला आता देवाच्या दरबारात चालू होता.

दुसऱ्या गटातील नियम अशाच अवस्थेसाठी आहेत. देवाच्या वाटेवर चालू लागलेल्या माणसाला शत्रू उघड पापाचा मोह घालत नाही. तो तेजस्वी देवदूताचे सोंग घेतो, भक्ताच्या मनाला रुचेल असा चांगला विचार आत आणतो आणि हळूहळू आपल्या बाजूला ओढत नेतो. म्हणून इग्नेशियस सांगतात की विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही तपासा. शेवटी तो कमी चांगल्याकडे नेत असेल, अस्वस्थ करत असेल, आधीची शांती हिरावून घेत असेल, तर शत्रूचे शेपूट दिसले असे समजा आणि मग त्या विचाराच्या वाटेने उलट चालत जाऊन तो आत कुठून शिरला ते शोधा.

मी जवळजवळ महिनाभर एवढेच केले. खटला सुरू झाला की त्याला लगेच हाकलण्याऐवजी त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडले होते ते लिहून काढायचे. मला वाटत होते की त्या व्यक्तीचे नाव ऐकले किंवा ती दिसली की हे सुरू होते. नोंदींतून वेगळेच दिसले. पुष्कळदा त्या दिवशी ती व्यक्ती विषयातही नव्हती. मी काही काम मन लावून केलेले असे आणि कोणी त्याची दखल घेतलेली नसे. किंवा दुसऱ्या कोणाची स्तुती माझ्यासमोर झालेली असे. तिथे एक बारीक टोचणी लागे, ती मी ओळखत नसे, आणि संध्याकाळपर्यंत तीच टोचणी जुन्या अन्यायाचे रूप घेऊन उभी राही. तटाची कच्ची जागा तिथे होती. याच काळात दोन ध्वजांचे ध्यान येते, ज्यात सैतान आपल्या माणसांना एक ठरलेली वाट शिकवतो: आधी संपत्तीची ओढ, मग मानाची, आणि त्यातून गर्व. ख्रिस्ताची वाट दारिद्र्य, अपमान आणि नम्रता अशी उलटी आहे. हे ध्यान मी पूर्वी वाचले होते आणि ते मोठमोठ्या लोकांसाठी असावे असे मला वाटले होते.

यानंतर विशेष आत्मपरीक्षणाचा विषय बदलला. आता ठिपका कशासाठी, तर दुर्लक्षाची टोचणी जाणवूनही ती तिथल्या तिथे प्रभूला न सांगितल्याबद्दल. सांगायचे ते साधे होते: ‘प्रभू, माझी दखल कोणी घेतली नाही आणि मला ते लागले.’ या एका वाक्याने संध्याकाळचे कितीतरी खटले उभेच राहिले नाहीत. सगळे थांबले असे मात्र नाही. लूकने लिहिले आहे की अरण्यातल्या परीक्षेनंतर सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला, आणि ती संधी माझ्या बाबतीत थकव्याच्या आणि आजारपणाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा येत असे.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात साधनेचा तिसरा भाग, म्हणजे प्रभूचे दुःखसहन, सुरू झाले. याविषयी मी फार लिहू शकणार नाही. मुख्य याजकांसमोर खोटे साक्षीदार उभे राहतात आणि येशू गप्प राहतो, त्या दृश्यापाशी मी अनेक दिवस थांबले. सिस्टरांनी त्याच आठवड्यात मला स्तोत्र ५५ दिले, ज्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की निंदा करणारा शत्रू असता तर सोसले असते, पण तो तू होतास, माझा सोबती, ज्याच्यासोबत मी देवाच्या मंदिरात जात असे. इतकी वर्षे मी देवापुढे फक्त राग आणला होता. त्या स्तोत्राने मला दुःख आणायला शिकवले, कारण ती व्यक्ती माझी मैत्रीण होती. आणि मग तोंडपाठ असलेला इफिसकरांचा सहावा अध्याय नव्याने उघडला. आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही, असे त्यात शस्त्रसामग्रीच्या यादीआधीच सांगितले आहे. म्हणजे समोरचा माणूस हा शत्रू नव्हेच. ज्याच्याशी युद्ध आहे तो आम्हा दोघींचाही शत्रू आहे, आणि आम्ही एकमेकींना शत्रू मानणे यातच त्याचा विजय आहे. पौलाने हे तुरुंगात, साखळदंडात असताना लिहिले, आणि तरीही आपल्या पहारेकऱ्यांना त्याने शत्रू म्हटलेले नाही.

क्षमा करणे म्हणजे खोटे तसेच राहू देणे असा अर्थ मी काढू नये, याची सिस्टरांनी काळजी घेतली. सत्याचा कमरबंदही त्याच यादीत आहे, असे त्या म्हणाल्या. पुनरुत्थानाच्या सणानंतर, मन बरेच दिवस स्थिर असताना, मी मंडळीच्या जबाबदार व्यक्तींना एक छोटे पत्र लिहिले, ज्यात फक्त घडलेल्या गोष्टी होत्या, विशेषणे नव्हती. त्यांनी ते वाचून नोंद घेतली. त्या मैत्रिणीशी एकदा समोरासमोर बोलणे झाले; तिने सगळे मान्य केले नाही. तिच्यासाठी रोज प्रार्थना करणे मला आता जमते, आणि काही दिवशी ते मनापासूनही होते.

नोव्हेंबरमध्ये लिहिलेला राजीनाम्याचा मसुदाही त्याच सुमारास बाहेर काढला. काही आठवडे प्रार्थना करून आणि पाळकांशी बोलून मी ती जबाबदारी सोडली. निर्णय अखेर तोच झाला. पण नोव्हेंबरमध्ये तो कोणाला तरी धडा शिकवण्यासाठी होता, आणि आता माझ्याजवळच्या वेळेचा आणि शक्तीचा नीट विचार करून झाला होता. जाताना काम पुढच्या माणसाच्या हाती व्यवस्थित सोपवता आले आणि त्याच्या यशाची भीती वाटली नाही.

पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाच्या, आठवड्यात शेवटची भेट झाली. प्रमाणपत्र वगैरे काही मिळत नाही. सिस्टरांनी स्वतःजवळची टिपणे माझ्यासमोर नष्ट केली आणि माझी नोंदवही मला हवी तशी ठेवायला किंवा टाकायला सांगितले. पुढे महिन्यातून एकदा भेटायचे ठरले आहे. ठिपक्यांच्या रेषा अजून चालू आहेत.

ज्यांना ही वाट घ्यायची असेल त्यांनी अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शकांना काही गोष्टी अवश्य विचाराव्यात: त्यांनी स्वतः ही साधना पूर्ण केली आहे का आणि त्यांना मार्गदर्शनाचे रीतसर शिक्षण मिळाले आहे का, त्यांच्यावर देखरेख कोणाची असते, भेट चुकली तर काय करायचे, आणि मधेच थांबावे लागले तर पुढे कधी व कसे सुरू करता येते. बाळंतपण, नुकताच झालेला मृत्यू किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर बहुतेक ठिकाणी वाट पाहायला सांगतात. तोपर्यंत दोन रेषांचे आत्मपरीक्षण आणि विश्वासू माणसापाशी मन मोकळे करणे एवढे घरच्या घरी सुरू करता येते. त्यासाठी अर्ज लागत नाही.